घरातले पाप आणि ग्रंथाचे मौन

हिब्रू पवित्र ग्रंथ हाती घेणारा वाचक पहिल्या पुस्तकातच अडखळतो. ज्यू या ग्रंथाला तनाख म्हणतात, ख्रिस्ती जुना करार म्हणतात. त्यातल्या ‘उत्पत्ती’च्या पन्नास अध्यायांत भाऊ भावाचा जीव घेतो, बाप द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो, मुलगा आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लाटतो, थोरला मुलगा बापाच्या उपपत्नीशी संग करतो, सासऱ्याकडून सुनेला दिवस जातात. ही शत्रूच्या कुळाची निंदा नव्हे. इस्राएल ज्यांची नावे घेऊन प्रार्थना करतो, त्यांचीच ही घरे. आणि ग्रंथ यावर बहुतेक वेळा काही बोलतच नाही. घडले ते सांगतो आणि पुढे जातो.

या मौनाचे लोक दोन अर्थ लावतात. श्रद्धाळू म्हणतो : ही थोर माणसे होती, तेव्हा त्यांनी तसे केलेच नसेल, किंवा केले असेल तर त्यामागे काही दैवी हेतू असेल. टीकाकार म्हणतो : ज्या ग्रंथाला असले प्रकार सांगताना निषेधाचा एक शब्द सुचत नाही, त्याला ते मान्यच असणार. मला ही दोन्ही वाचने उथळ वाटतात. माझे म्हणणे असे की हिब्रू कथनात निवाडा असतो, पण तो निवेदकाच्या तोंडी क्वचितच येतो. मुद्दाम पुन्हा वापरलेल्या शब्दात, एका प्रसंगाने दुसऱ्याची आठवण करून देण्यात, पुढच्या पिढीला चुकवाव्या लागणाऱ्या किमतीत तो शोधावा लागतो. जिथे तो शोधूनही सापडत नाही, तिथे तो सापडल्याचा आव मात्र कोणी आणू नये.

१. दोन विरोधकांचे एक गृहीतक

श्रद्धाळू आणि टीकाकार एकमेकांशी कितीही भांडोत, दोघेही एकाच पायावर उभे आहेत. पवित्र ग्रंथात एखाद्याचे आचरण आले म्हणजे ते अनुकरणासाठीच आले, असे दोघेही धरून चालतात. एक त्यावरून पूर्वजांना निर्दोष ठरवतो, दुसरा ग्रंथाला दोषी ठरवतो.

हा वाद जुना आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस मणी पंथाचा फाउस्तुस याने अब्राहाम, लोट, यहूदा, दावीद यांची पापे मोजून दाखवली आणि असला ग्रंथ टाकून द्यावा असे म्हटले. ऑगस्टीनने त्याला सविस्तर उत्तर लिहिले. त्याचा गाभा साधा आहे : पुस्तकात नोंदवले म्हणजे पुस्तकाने वाखाणले असे होत नाही. ऑगस्टीनही पुढे काही पूर्वजांची नको तितकी वकिली करतो, तरी हा मुद्दा आजही ढळलेला नाही.

नोंद आणि संमती एक नव्हे, इतके म्हणून मात्र भागत नाही. मग ही नोंद ठेवलीच कशासाठी? ती न ठेवण्याची मोकळीक होती. ‘इतिहास’ या नंतरच्या पुस्तकाच्या कर्त्याने दावीदाची कारकीर्द पुन्हा लिहिली, तेव्हा बथशेबेचा प्रसंग गाळला, अम्नोनने तामारेवर केलेला बलात्कार गाळला. लढाई ठेवली, मुकुट ठेवला, घर झाकले. ‘शमुवेल’च्या कर्त्यांनाही हे करता आले असते. दावीद हा त्यांचाही राजा, आणि त्याच्याच वंशाकडे त्यांची आशा लागलेली. तरीही त्यांनी लिहिले. असे लिहिण्याला मी साक्ष म्हणतो, आणि साक्ष ऐकणाऱ्यावर एक काम येऊन पडते.

२. नाथानाने शिकवलेले वाचन

हे काम कोणते, ते ग्रंथानेच एका प्रसंगात करून दाखवले आहे. दावीदाने बथशेबेला राजवाड्यात आणवले आणि तिचा नवरा उरीया याला रणात मारवले. हा सगळा अध्याय थंडपणे सांगितला आहे. सत्तावीस ओव्यांपैकी शेवटच्या एका वाक्यात तेवढे कळते की परमेश्वराला हे वाईट वाटले. मग नाथान संदेष्टा येतो आणि आरोप न करता गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे, गरिबाकडे एकच कोकरी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. गोष्टीत निवाडा नाही. निवाडा दावीद देतो, संतापून देतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच.

त्या गोष्टीतले तपशील पाहा. कोकरी मालकाच्या ताटातले खाते, त्याच्या पेल्यातले पिते, त्याच्या कुशीत निजते. खाणे, पिणे, निजणे ही तीन क्रियापदे आदल्याच अध्यायात उरीयाच्या तोंडी आली होती. सोबतचे सैनिक उघड्यावर पडलेले असताना मी घरी जाऊन खाऊ, पिऊ आणि बायकोशेजारी निजू का, असे त्याने राजाला विचारले होते. राजाला ती खूण पटली नाही. वाचकाला पटावी, अशी योजना आहे.

म्हणजे गोष्ट सांगायची, निवाडा राखून ठेवायचा आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून तो वदवून घ्यायचा, ही रीत आधुनिक समीक्षकांनी बाहेरून आणलेली नाही. ग्रंथातल्या संदेष्ट्याचीच ती रीत आहे. ‘उत्पत्ती’ आणि ‘शमुवेल’ नाथानासारखे बोलतात, हे ध्यानात घेतले की मौनाचा अर्थ बदलतो.

३. शब्दांची साक्ष

याकोबाने बापाला कसे फसवले? करडांची कातडी हाताला गुंडाळून आणि भावाचे कपडे घालून. त्या वेळी निवेदक त्याला दोष देत नाही. वर्षे जातात. याकोबाचे मुलगे योसेफाला विकतात, बकरा मारून त्याच्या रक्तात योसेफाचा झगा बुडवतात आणि बापापुढे टाकतात. बकरा आणि कपडा यांनीच फसवणारा फसवला जातो. मधल्या काळात सासरा लाबान त्याच्या अंथरुणात धाकटीऐवजी थोरली घालतो आणि वर सुनावतो की आमच्याकडे थोरलीआधी धाकटी देत नाहीत. थोरल्याचा मान लाटणाऱ्याला याहून बोचरे उत्तर कोणते?

तो झगा पुढे करताना भाऊ बापाला म्हणतात, ओळखून पाहा : हिब्रूत ‘हक्केर-ना’. लगेच पुढच्या अध्यायात, भावाला विकण्याची कल्पना ज्याची त्या यहूदाला, त्याची सून तामार त्याचीच मुद्रा, दोरी आणि काठी पाठवून तेच शब्द म्हणते. व्यभिचारिणी म्हणून तिला जाळायला निघालेला यहूदा त्या वस्तू ओळखतो आणि ती माझ्याहून न्यायी आहे अशी कबुली देतो. रॉबर्ट आल्टर या अभ्यासकाने १९८१ मध्ये या दुव्यावर लिहिले तेव्हा पुष्कळांना तो नवा वाटला. पण ‘बरेशीत रब्बा’ या प्राचीन मिद्राशाने, म्हणजे ज्यू भाष्यग्रंथाने, तो केव्हाच टिपला होता.

हागारेचे प्रकरण थोडक्यात सांगतो. अब्राहामाची बायको सारे हिने त्या मिसरी दासीला छळले, यासाठी वापरलेले क्रियापद पुढच्या पुस्तकात मिसरात झालेल्या इस्राएलच्या छळासाठी येते. दोन्ही पुस्तके सलग वाचणाऱ्याला कोणी कोणाला आधी छळले, हे सांगावे लागत नाही.

४. तामार : दोन भावांच्या मध्ये

आता ज्या उताऱ्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ‘दुसरे शमुवेल’, अध्याय तेरावा. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यासाठी झुरतो. चुलतभाऊ योनादाब त्याला आजारी पडायला आणि तामारेच्या हातचे खायला मागायला शिकवतो. दावीद स्वतः तिला निरोप पाठवतो. ती येते, कणीक मळते, त्याच्या डोळ्यांदेखत पोळ्या भाजते. तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि तिला धरतो.

पहिल्याच वाक्याची रचना पाहावी. दावीदाचा मुलगा अबशालोम याला एक सुंदर बहीण होती, तिचे नाव तामार, आणि दावीदाचा मुलगा अम्नोन तिच्यावर लुब्ध झाला. दोन्ही टोकांना दावीदाचे दोन मुलगे, मध्ये ती. तिला दावीदाची मुलगी म्हटलेले नाही. पुढच्या वीस-बावीस ओव्यांत ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ हे शब्द इतक्यांदा येतात की ते कानाला टोचू लागतात. ते टोचण्यासाठीच आहेत. जे नाते मोडले जात आहे त्याचे नाव निवेदक एकदाही विसरू देत नाही.

मग तामार बोलते, आणि हे या अध्यायाचे हृदय आहे. जिवावर बेतले असताना ती मुद्देसूद बोलते : इस्राएलात असे करत नाहीत, मी माझी लाज घेऊन कुठे जाऊ, तूही मूर्खांत गणला जाशील, राजाशी बोल. ज्या कृत्याला ती ‘नेवाला’, म्हणजे घोर अधमपणा म्हणते, तोच शब्द याकोबाची मुलगी दीना हिच्या प्रसंगी ‘उत्पत्ती’त आला आहे. निवेदकाने निषेध का केला नाही, असे विचारणाऱ्याने हे पाहावे की निषेध इथे आहे, पूर्ण आहे, आणि तो जिच्यावर अन्याय होतो तिच्याच तोंडी दिला आहे. त्या घरात शहाणपणाने बोलणारी ती एकटीच.

अम्नोन ऐकत नाही. त्यानंतर त्याच्या आसक्तीहून मोठा द्वेष त्याला ग्रासतो, आणि तो नोकराला सांगतो की हिला बाहेर घालव. हिब्रूत तिथे ‘बहीण’ नाही, ‘स्त्री’ही नाही, नुसते ‘ही’. सतत येणारा शब्द त्या क्षणी गळतो. दार बंद होते. राजकन्येचा झगा ती फाडते, डोक्यावर राख घालते आणि आक्रोश करत जाते. त्या झग्याचे हिब्रू नाव, ‘केतोनेत पस्सीम’, सबंध तनाखात आणखी एकाच व्यक्तीच्या अंगावर आहे : भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफाच्या.

अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको, म्हणतो. आजही कुठल्याही भाषेतल्या कुठल्याही घरात हे ऐकू येते. आणि बाप? दावीदाला फार राग आला, इतकेच पारंपरिक हिब्रू पाठ सांगतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात पुढे आणखी आहे : त्याने अम्नोनला दुखावले नाही, कारण तो त्याचा लाडका थोरला होता. कुमरानच्या गुहांत सापडलेल्या ‘शमुवेल’च्या एका हिब्रू हस्तलिखितानेही या वाढीव पाठाला दुजोरा दिला आहे. तो मूळचा असो वा नसो, राग आला आणि काही केले नाही, हे दोन्ही पाठांत सारखेच.

त्या काही न करण्याची किंमत पुढचे अध्याय सांगतात. दोन वर्षांनी मेंढरांच्या कातरणीला अबशालोम अम्नोनला मारवतो, परागंदा होतो, परत येतो, बंड करतो आणि बापाच्या उपपत्नींशी राजवाड्याच्या गच्चीवर उघडपणे संग करतो. बथशेबेला दावीदाने गच्चीवरूनच पाहिले होते. तालमूदाने, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या संग्रहाने, हिशेब मांडला की कोकरीच्या बदल्यात चौपट भरपाईचा जो निवाडा दावीदाने स्वतः दिला, तो त्याला बाळ, अम्नोन, तामार आणि अबशालोम या चौघांच्या रूपाने भरावा लागला. हिशेब चपखल आहे, पण मला तो मान्य नाही. त्यात तामार बापाच्या कर्जाचा एक हप्ता होऊन बसते. कथेने तिला जो आवाज दिला, तो या हिशेबाने काढून घेतला.

५. रऊबेन : ओळीच्या मध्यावरची मोकळी जागा

‘उत्पत्ती’च्या पस्तिसाव्या अध्यायात याकोबाची बायको राहेल मरते. लगेच अर्धी ओवी येते : थोरला मुलगा रऊबेन जाऊन बापाची उपपत्नी बिल्हा हिच्यापाशी निजला, आणि इस्राएलने, म्हणजे याकोबाने, ते ऐकले. बस. तोराच्या, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीत इथे ओवीच्या मध्यावरच जागा मोकळी सोडतात. पुढे याकोबाच्या बारा मुलांची यादी सुरू होते.

मौनाचा याहून ठसठशीत नमुना मला ठाऊक नाही. बाप ऐकतो आणि बोलत नाही. बोलतो तो मरणशय्येवर, चौदा अध्यायांनंतर, रऊबेनाचे अग्रस्थान काढून घेताना. ‘इतिहास’ हे पुस्तक एरवी घर झाकते, पण ज्येष्ठत्व योसेफाच्या मुलांकडे का गेले हे सांगताना तेही हे पाप नावानिशी नोंदवते.

परंपरा इथे चाचरली, हे खरे. तालमूदाचा गाभा असलेल्या मिश्नेचा नियम असा की सभास्थानात रऊबेनाची गोष्ट हिब्रूत वाचावी, पण लोकांना समजेल अशा भाषेत तिचे भाषांतर सांगू नये. तालमूदात एक मत आहे की रऊबेनाने पाप केले असे म्हणणारा चुकतो. आईच्या बाजूने रागावून त्याने फक्त बापाचे अंथरूण हलवले. पण त्याच पानावर एलिएजर आणि यहोशुआ या गुरूंची मतेही जपली आहेत, आणि ती रऊबेनाला दोषी धरतात. दोन्ही मते शेजारी ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या पानात आहे. बिल्हेचे काय झाले, हे मात्र कोणत्याच बाजूला विचारावेसे वाटले नाही.

६. आक्षेप

पहिला : परंपरेने पूर्वजांना पवित्र मानले, त्यांना दोषी ठरवणे हा आधुनिकांचा उद्धटपणा आहे. याला उत्तर परंपरेतच आहे. तेराव्या शतकातल्या रामबान, म्हणजे नाखमानिदेस, याच्यासारख्या श्रद्धावान भाष्यकाराने लिहिले की जीव वाचवण्यासाठी बायकोला बहीण म्हणवून घेऊन अब्राहामाने, नकळत का होईना, मोठे पाप केले. आणि हागारेला छळण्यात सारेने पाप केले, ते होऊ देण्यात अब्राहामानेही. यहूदा आणि तामार यांची गोष्ट वाचावी आणि तिचे भाषांतरही सांगावे, असे मिश्ना म्हणते. यहूदाच्या अब्रूचे काय, या शंकेला तालमूदाचे उत्तर असे की त्याने कबूल केले हीच त्याची थोरवी. अब्रू झाकण्यात असते की कबुलीत, हा प्रश्न परंपरेने फार पूर्वी सोडवला होता. अम्नोनच्या गोष्टीपाशी ती पुन्हा कचरली : गोष्ट वाचावी, पण जिथे त्याला दावीदाचा मुलगा म्हटले आहे तो भाग वाचू नये. निवेदकाने जिथे बोट ठेवले, नेमके तिथेच ते दुखले.

दुसरा : निवाडा दडलेला आहे म्हटले की वाचक मनाला येईल तो निवाडा काढील. हा धोका खरा आहे, आणि नोहाची गोष्ट त्याचा पुरावा आहे. हामाने बापाची नग्नता पाहिली; म्हणजे काय केले? राव आणि शमुएल या तालमूदी गुरूंमध्ये एकमत नाही : एकाच्या मते खच्चीकरण, दुसऱ्याच्या मते बलात्कार. लेवीय नियमांत बापाची नग्नता म्हणजे आईशी संग, म्हणून काही आधुनिक अभ्यासक तो अर्थ घेतात. मला यातला कोणताही अर्थ सिद्ध झालेला वाटत नाही. शाप तर हामाला नाहीच, त्याच्या मुलाला, कनानला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. तरी याच उताऱ्याच्या आधारे अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामी शास्त्रसंमत ठरवली गेली. १८६१ मध्ये दक्षिणेच्या महासंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने भर सभेत कनानच्या शापाचा आधार घेतला. म्हणून माझी अट कडक आहे. शब्दाचा दुवा त्याच ग्रंथात दाखवता आला पाहिजे, किंवा कृत्याचा परिणाम कथेत दिसला पाहिजे, किंवा नियमशास्त्राची भाषा कथेत उमटलेली असली पाहिजे. यांतले काहीच नसेल तर उतारा अनिर्णित ठेवावा. नुसता नियमाचा दुवा पुरत नाही, हे नोहाची गोष्ट शिकवते. निदान दोन साक्षी जुळाव्यात.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो मी पुरता परतवू शकत नाही. दीनेवर अत्याचार होतो, तिचे भाऊ सूड म्हणून एका नगरातले सगळे पुरुष कापतात, बाप शेजाऱ्यांच्या भीतीने कुरकुरतो, आणि सबंध अध्यायात दीना एक शब्द बोलत नाही. ‘शास्ते’च्या एकोणिसाव्या अध्यायातल्या उपपत्नीला नावही नाही. इफ्ताहाची मुलगी बापाच्या नवसापायी मरते. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये हागार, तामार, ही उपपत्नी आणि ही मुलगी यांच्यावर एक पुस्तक लिहिले. या कथांची तीव्रता झाकणारे सांत्वन शोधू नका, असा त्यांचा रोख आहे. तो मला पटतो. दीनेचे मौन ही नाथानाची युक्ती आहे असे म्हणणे लबाडीचे होईल. ही पुस्तके पुरुषांनी, पुरुषांच्या घरांविषयी लिहिली, आणि काही ठिकाणी बाई त्यांना दिसलीच नाही. इफ्ताहाच्या बाबतीत मिद्राशाने निदान एवढे विचारले की तो नवस रद्द करता येत होता, मग इफ्ताह आणि याजक फिनहास या दोघांनी मानापमानापायी मुलीचा जीव का जाऊ दिला? हा प्रश्न विचारणारे प्राचीन होते, श्रद्धाळू होते, आणि त्यांना विचारायची भीती वाटली नाही.

७. भाषांतर करावे

वाचावे पण भाषांतर करू नये, ही सोय भाषांतरकाराला नसते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. विधवा आणि निराधार मुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात हे काम चालले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांच्यातल्या कित्येकींना घरानेच टाकले होते, अशांच्या सोबतीत रऊबेनाची अर्धी ओवी आणि तामारेचे पूर्ण बोलणे मराठीत उतरले. मला त्या अध्यायाची हीच योग्य जागा वाटते.

म्हणून प्रवचनकारांना, शिक्षकांना आणि आपल्या मुलांना या गोष्टी सांगणाऱ्या आईबापांना माझी विनंती आहे की हे अध्याय वगळू नका आणि त्यांची सारवासारवही करू नका. ‘दुसरे शमुवेल’ काढा आणि तेरावा अध्याय मोठ्याने वाचा. मग चौदाव्यातली सत्ताविसावी ओवी वाचा. अबशालोमाला तीन मुलगे आणि एक मुलगी झाली, असे तिथे लिहिले आहे. मुलग्यांची नावे दिलेली नाहीत. मुलीचे दिले आहे. तिचे नाव तामार.